शब्दयादी : शून्य शब्द

गवंडीणताईंनी आयुष्यात एकही वीट रचलेली नाही. हे नाव त्यांना आमच्या ऑफिसनं चिकटवलं. दर दोन महिन्यांनी त्या सकाळी आल्या आल्या दारातूनच बजावायच्या, "आज बांधणी आहे. माझ्या खोलीत कुणी डोकावायचं नाही." बांधणी म्हणजे बिल्ड. प्रोग्रामचे शेकडो तुकडे गोळा करायचे, ते एकमेकांशी जुळताहेत का ते पाहायचं आणि सगळ्याचं मिळून एक पॅकेज तयार करायचं, हे त्यांचं काम. सव्विसाव्या वर्षी त्या आमच्याकडे टायपिस्ट म्हणून लागल्या. आमची मशीनं ज्यावर चालतात ते लिनक्स त्यांना कुणी शिकवलं नाही. दुपारच्या सुट्टीत खिडकीपाशी बसून, मॅन्युअलांचे छापील कागद वाचून वाचून त्या शिकल्या. आता एकोणपन्नाशीला आल्यात. घरी त्या आणि कानानं अधू झालेले त्यांचे वडील. बाईंचा स्वभाव म्हणाल तर फणसासारखा. फक्त गरे कुणाला दिसले नव्हते, एवढंच.

मी त्याच ऑफिसात सभासदांच्या नोंदी ठेवते, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं.

आमचं ग्रंथालय अंधांसाठी आहे. पुस्तक हातात घेऊन चाळणारं इथे कुणी येत नाही. प्रत्येक सभासदाला आम्ही एक छोटा डबा देतो, साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवाव्यात एवढा. फोनवरून त्यात काहीही पाठवा, कादंबरी, वर्तमानपत्र, बँकेचं पत्र, तो मोठ्यानं वाचून दाखवतो. असे दोन हजार तीनशे डबे घरोघरी बोलतात, आणि सगळे एकाच माणसाच्या आवाजात बोलतात. तो माणूस म्हणजे आमचे वेलांटीसर.

हे नावही ऑफिसचंच. रजेच्या अर्जात वेलांटी चुकली तरी ते अर्ज परत पाठवायचे, लाल खूण करून. तोंडावर आम्ही नुसतं 'सर' म्हणायचो. पंधरा वर्षांपूर्वी डब्यासाठी आवाज हवा होता आणि बाहेरच्या कलाकाराला बोलावणं परवडत नव्हतं, तेव्हा सर अडीच महिने गाद्या लावलेल्या एका खोलीत बसून वाक्यं वाचत होते. त्यातून तो आवाज बनला. खालच्या पट्टीतला, थोडा खरखरीत, घाई नसलेला.

आवाज मिळाला तरी उच्चार मिळत नाहीत. आपल्या लिपीत 'चार' आणि 'चारा' यांतला च सारखाच लिहितात, पण बोलताना एकाला जीभ टाळूला लागते आणि दुसऱ्याला दातांना. मशीनला ते कसं कळणार? ते सगळेच च एका साच्यातून काढतं. म्हणून सरांनी एक यादी सुरू केली, कोणता शब्द कसा म्हणायचा याची. सभासदांसाठी एक फोन नंबर दिला होता. डब्यानं शब्द चुकवला की त्यावर निरोप ठेवायचा. सर रोज सकाळी दहाला ते निरोप ऐकत, यादीत शब्द घालत आणि निरोप ठेवणाऱ्याला उलट फोन करून सांगत, "पुढच्या बांधणीत नीट म्हणेन." 'म्हणेल' नाही, 'म्हणेन'. आम्ही हसायचो.

शेवटच्या वर्षी त्यांनी गवंडीणताईंना कितीदा तरी सांगितलं असेल. मी स्वतः दोनदा ऐकलं.

"बाई, एक दिवस माझ्याबरोबर बसा. माझ्याकडचं थोडं सामान तुमच्या पॅकेजमध्ये हलवायचं राहिलंय."

"बसू हो सर. ही बांधणी होऊ दे."

"तुमच्या बांधण्या काय संपायच्यात?"

"मग पुढच्या आठवड्यात. नक्की."

पुढचा आठवडा काही उजाडला नाही. एका मंगळवारी सकाळी दाढी करता करता सर आरशासमोरच कोसळले. अठ्ठावन्न वर्षांचे होते. त्यांच्या पत्नीचा फोन मीच घेतला होता.

आता जे झालं ते विचित्र वाटेल, पण त्या वेळी आम्हाला दुसरं काही सुचलं नाही. ग्रंथालयाची काही बातमी असली की आम्ही ती लिहून डब्यांवर पाठवतो, आणि डबा ती वाचतो. सरांच्या निधनाची चार ओळींची बातमी मी लिहिली. आमच्या प्रमुख बाईंनी पाठवण्याआधी ती एकदा डब्यावर लावून पाहिली. सरांचा आवाज शांतपणे म्हणाला, "कळवण्यास अत्यंत दुःख होते की," आणि पुढे स्वतःचं नाव. बाईंनी डब्याची वायरच उपटली. म्हणाल्या, "नको. हे नाही पाठवायचं. नंतर बघू." ते 'नंतर' सात महिने लांबलं. सभासदांना कुणी काही सांगितलंच नाही, आणि त्यांना शंका येण्याचं कारणही नव्हतं. सर रोज त्यांच्याशी बोलतच होते.

त्या सात महिन्यांत तीन बांधण्या झाल्या आणि तिन्ही विनाविघ्न पार पडल्या. चौथीच्या वेळी गाडी अडली.

ही बांधणी निकडीची होती. नव्या फोनांशी डब्यांचं जुळत नव्हतं आणि दीडशे-दोनशे डबे मुके झाले होते. माझा फोन दिवसभर खणखणायचा. सोमवारी दहाला ताईंनी बांधणी लावली, आणि अकराच्या सुमारास त्यांच्या खोलीतून "छे!" असं ऐकू आलं. मी नियम मोडून डोकावले. पडद्यावर शेवटची ओळ लाल होती. चाळीस चाचणी-वाक्यांपैकी सतरावं नापास, बांधणी थांबवली. प्रत्येक बांधणीच्या शेवटी मशीन ही वाक्यं बोलून पाहतं आणि साठवलेल्या बरोबर उच्चारांशी ताडतं.

"कंपायलर बदललाय ना परवा, त्याचाच उपद्व्याप असणार," ताई म्हणाल्या. कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करतो तो कंपायलर; त्यांनी जुना परत घातला. बांधणी पुन्हा सतराव्यावर पडली. मग आवाजाची लायब्ररी, म्हणजे डब्याला बोलायला लावणारा कोडचा संच, जुनी घातली. तरीही सतरावं. संध्याकाळपर्यंत सात वेळा लावली, आणि सातही वेळा तिनं त्याच ठिकाणी मान टाकली.

"लॉगमध्ये काय लिहिलंय?" मी विचारलं. लॉग म्हणजे मशीन काम करताना पुटपुटतं ते सगळं, ओळीवर ओळ.

"शेवटची ओळ रडतेय, एवढंच कळतं. पण रडणारा एक असतो आणि मार लागलेला असतो वरती कुठेतरी. अकरा हजार ओळी आहेत. वाचते."

मंगळवारी त्यांनी वेगळीच गोष्ट केली. चार महिन्यांपूर्वीची बांधणी, जी तेव्हा सुरळीत पार पडली होती आणि जिच्यात नंतर एका अक्षराचाही बदल झालेला नव्हता, ती जशीच्या तशी काढून पुन्हा लावली. तीही सतराव्यावर पडली.

ताई खुर्चीत मागे रेलल्या. "म्हणजे कोडमध्ये खोट नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आपल्या घरात काहीतरी बदललंय. जे तेव्हा इथे होतं ते आता नाहीये."

तेवढ्यात नेटवर्कवाला आला. सर्व्हर, वायरी, पासवर्ड सगळं त्याच्याकडे. चाळिशीचा, सरळमार्गी, सगळ्यात जवळचा रस्ता शोधणारा. तो म्हणाला, "ताई, एक वाक्यच नापास होतंय ना? चाचणी बंद करा आणि पाठवून द्या. लोक खोळंबलेत."

"ऐकून तरी बघू काय चुकतंय ते." ताईंनी सतराव्या वाक्याची ध्वनिफीत शोधून काढली आणि स्पीकर लावला.

ते वाक्य सरांनीच रचलेलं होतं, मुद्दाम अवघड शब्द गुंफून : 'जरा थांबा, चार जण चारा घेऊन येताहेत.' स्पीकरमधून सरांचा आवाज आला. तीच खरखर, तीच संथ चाल. पण 'जरा'चा ज त्यांनी असा काही उच्चारला, की थोडा वेळ थांबा असं नव्हे, म्हातारपणा थांबा असं काहीतरी ऐकू यावं. 'जण' तसाच. 'चारा' तर ओळखूच येईना. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची उच्चारांवरून कानउघाडणी केली, तोच माणूस जीभ जड झाल्यासारखा, आपली भाषा विसरल्यासारखा बोलत होता. मी एकदा एका आजाऱ्याला भेटायला गेले होते, ज्याचं अर्धं अंग गेलं होतं. मला तो आठवला.

नेटवर्कवाल्याचं तोंड उतरलं. "बंद करा ते," तो म्हणाला. चाचणी वगळायचं परत काही त्यानं काढलं नाही.

बुधवारी ताई सकाळी आठलाच आल्या होत्या. अकरा हजार ओळी वाचून संपल्या होत्या आणि साडेचार हजाराव्या ओळीच्या आसपास त्यांना एक गरीब, निमूट ओळ सापडली होती. ना ती लाल होती, ना तिच्यात 'चूक' असा शब्द होता. 'शब्दयादी : ० शब्द.' बस्स. मशीनला यादी मिळाली नव्हती. नसेल तर रिकामी धरून पुढे जा, असं कुणीतरी कधीकाळी त्याला सांगून ठेवलं होतं. ते रिकाम्या हातानं साडेसहा हजार ओळी पुढे चालत राहिलं आणि सतराव्या वाक्यावर उघडं पडलं.

"पण यादी पॅकेजमध्येच असेल ना?" मी म्हटलं.

"मलाही तसंच वाटत होतं. तेरा वर्षं."

त्यांनी मग एक हत्यार लावलं. चालू प्रोग्राम कोणकोणती फाईल उघडायला जातो, ती प्रत्येक हालचाल ते टिपून ठेवतं. "कुणाकुणाचं दार ठोठावतोय ते कळेल," त्या म्हणाल्या. हजारो दारं होती. बहुतेक उघडत होती. त्यांनी न उघडलेली तेवढी बाजूला काढली, मग त्यांतलीही नेहमीची, निरुपद्रवी गाळली. एक दार उरलं. बांधणीचा प्रोग्राम त्यावर चार वेळा थाप मारत होता आणि चारही वेळा उत्तर येत होतं, असं काही अस्तित्वात नाही.

ते सर्व्हरवरच्या सरांच्या खासगी खात्याचं दार होतं.

पॅकेजमध्ये हलवायचं राहिलेलं 'थोडं सामान' हेच होतं. सर यादी स्वतःच्या खात्यात ठेवत, आणि बांधणी गुपचूप तिथे जाऊन ती उचलून आणी. सर गेल्यावरही तीनदा तिनं त्यांच्या खोलीत जाऊन यादी आणली होती, आणि कुणालाही पत्ता नव्हता.

"खातं गेलं कुठे?" मी विचारलं.

ताईंनी एक जुनं पत्र उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवला. सहा आठवड्यांपूर्वीचं, नेटवर्कवाल्याचं. वापरात नसलेली नऊ खाती : बदली झालेली, निवृत्त झालेली, आणि एक. कायमची पुसायची का? नियमाप्रमाणे आणखी एका अधिकाऱ्याची मंजुरी लागते. खाली ताईंचं उत्तर होतं, दोन मिनिटांत दिलेलं. 'सर्व. हो.'

"मी नावंसुद्धा वाचली नव्हती गं," त्या म्हणाल्या. "जेवायला उशीर होत होता."

नेटवर्कवाल्यानं बॅकअप धुंडाळले. खासगी खात्यांचा बॅकअप घ्यायचा नाही, हा ग्रंथालयाचाच नियम होता. हाती काही लागलं नाही. त्या दुपारी ताईंनी जेवणाचा डबा उघडलाच नाही. खिडकीपाशी बसून राहिल्या. शेजारी आमची श्रवणखोली आहे. ज्यांचे डबे बिघडलेत ते सभासद तिथे येऊन ऐकतात. भिंतीपलीकडे सर कुणाला तरी समुद्रप्रवासाचं वर्णन वाचून दाखवत होते. ताई एकदम उठल्या, दार लावून घेतलं, तरी आवाज येतच होता.

पण ताई रडत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. गुरुवारी सकाळी मला म्हणाल्या, "यादी गेली, पण यादी खाऊन तयार झालेली पॅकेजं आहेत. पिठातून गहू नाही निघणार, पण निदान किती गहू होते ते कळेल." जुनी सगळी पॅकेजं आमच्या कोठारात जपून ठेवलेली असतात. त्यांत यादीतले शब्द आणि उच्चार मशीनच्या भाषेत दडपून भरलेले होते. ते उलट उलगडणारा एक छोटा प्रोग्राम त्यांनी दीड दिवस खपून लिहिला. शुक्रवारी दुपारी पडद्यावर शब्द उतरू लागले. तीन हजार एकशे सहा. सरांनी प्रत्येक शब्दासमोर कुणी विचारला, कधी विचारला, ते लिहून ठेवलेलं असे. ती टिपणं मशीनच्या कामाची नव्हती, म्हणून ती पॅकेजमध्ये कधी गेलीच नव्हती. ती गेली ती गेलीच.

ताईंनी यादी पॅकेजच्या आत बसवली. 'नसेल तर रिकामी धर' ही ओळ काढून टाकली आणि लिहिलं, 'नसेल तर इथेच थांब.' बांधणी लावली. सतरावं वाक्य पास, चाळीसही पास. नेटवर्कवाल्यानं टाळी दिली. ताईंनी ती घेतली नाही, तंद्रीतच होत्या.

"निरोपांचा फोन," त्या म्हणाल्या. "सर गेल्यापासून तो कोण ऐकतंय?"

नेटवर्कवाल्यानं त्या फोनचा पासवर्ड शोधून काढला.

त्या फोनच्या पेटीत एकसष्ट न ऐकलेले निरोप होते. ताईंनी आणि मी ते माझ्या टेबलावर बसून ऐकले. पहिले काही साधे होते. 'सर, अमुक शब्द तमुक म्हणताय तुम्ही.' मग हळूहळू सूर बदलत गेला. 'सर, मागचा निरोप मिळाला नाही का?' 'सर, हल्ली उलट फोन नाही आला, प्रकृती बरी आहे ना? आवाजावरून तर बरी वाटते.' एक गृहस्थ दर पंधरा दिवसांनी एकच शब्द सांगत होते आणि प्रत्येक वेळी जास्त नम्र होत होते. शेवटून तिसरा निरोप एका म्हाताऱ्या बाईंचा होता. मी आवाजावरून ओळखलं. त्या निवृत्त टेलिफोन ऑपरेटर. त्या म्हणाल्या, "सर, मी मागे तुमच्या च-ची चूक काढली म्हणून रागावलात का? रोज माझ्याशी बोलता आणि फोन मात्र करत नाही. हे बरं नव्हे."

ताईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "यांना सांगायला हवं," त्या म्हणाल्या. "डब्यातून नाही. आपण, तोंडानं."

प्रमुख बाईंनी लगेच होकार दिला. मला वाटतं त्याही कुणी हे म्हणायची वाटच पाहत होत्या. पुढचे दोन आठवडे निरोप ठेवलेल्या एकेचाळीस जणांना आम्ही दोघींनी फोन केले, आणि बाकीच्यांसाठी माणसाच्या आवाजात बातमी रेकॉर्ड करून पाठवली. लोकांनी काय काय म्हटलं ते सगळं सांगत नाही. ऑपरेटर आजींना ताईंनी स्वतः फोन लावला. मी शेजारी होते.

"सात महिने झाले आजी," ताई म्हणाल्या.

आजी म्हणाल्या, "अहो, काहीतरीच काय. सकाळीच पेपर वाचला त्यांनी."

"तो डबा आजी."

"डबा ते मला कळतं हो. चाळीस वर्षं मी माणसं न बघता आवाजांवर काढली. आवाज आहे म्हणजे लाईनवर माणूस आहे, एवढंच मला ठाऊक." त्यांनी विचारलं, "मग सात महिने मी कुणाला बोलत होते?"



इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ताईंच्या मनातून तो 'एक दिवस बसा' जात नव्हता. हलवायचं काम फार तर अर्ध्या तासाचं. मग सर वर्षभर एवढे मागे का लागले होते? आणि शेवटच्या महिन्यात जास्तच का? त्यांनी एक गोष्ट करून पाहिली. सर जाण्याआधीचं शेवटचं पॅकेज आणि ते गेल्यानंतरचं पहिलं, दोन्ही उलगडून त्यांची वजाबाकी केली. म्हणजे सरांनी शेवटच्या आठवड्यांत यादीत कोणते शब्द घातले ते कळलं असतं. अकरा शब्द निघाले.

त्यांनी मला बोलावून दाखवले. झडप. झटका. जाळी. जोखीम. जखम. धमनी. अँजिओग्राफी. संमतिपत्र. उरलेली तीन औषधांची नावं होती.

"कुणी सभासद आजारी असेल," मी म्हटलं.

"असेल," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सरांची एक सवय तुला ठाऊक नाही. महत्त्वाचा कागद असला की ते घरच्या डब्यावर लावून ऐकायचे. म्हणायचे, डोळ्यांनी वाचलं की मन पळवाटा काढतं, कानांनी ऐकलं की सुटका नसते."

मला समजायला थोडा वेळ लागला. कुठल्याशा संध्याकाळी सरांनी स्वतःच्या हृदयाचा रिपोर्ट डब्यात घातला असणार. त्यांच्याच आवाजानं तो त्यांना वाचून दाखवला असणार. आणि सरांनी बसल्या जागी त्यातले चुकलेले उच्चार दुरुस्त केले होते.

शनिवारी दुपारी ताई सरांच्या घरी गेल्या. मलाही ओढून नेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, पडदे धुतलेले, सगळं जागच्या जागी. सरांच्या पत्नीला आम्ही वहिनी म्हणतो. त्यांनी चहा केला, बसल्या. ताईंनी घुमवून-फिरवून न सांगता खातं पुसल्यापासून सगळं सांगितलं आणि अकरा शब्दांचा कागद पुढे ठेवला.

वहिनींनी तो दोनदा वाचला. उठून आत गेल्या. दाढीच्या सामानाची एक रेक्झिनची पिशवी घेऊन आल्या आणि तिच्यातून गोळ्यांची अर्धी पट्टी काढली. कागदावरच्या दुसऱ्या औषधाचं नाव तिच्यावर होतं.

"मला म्हणाले होते पित्ताच्या आहेत," त्या म्हणाल्या.

ताई म्हणाल्या, "वहिनी, मला त्यांनी कितीदा तरी सांगितलं, एक दिवस बसा. मी बसले नाही. बसले असते तर कदाचित बोलले असते."

"तुम्हाला निदान बसा तरी म्हणाले," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दिवसभर लोकांचे शब्द, आणि घरी आले की तोंडाला कुलूप. तीस वर्षांत मी त्यांचा आवाज जेवढा ऐकला नाही, तेवढा तुमच्या त्या आजी एका आठवड्यात ऐकत असतील. स्वतःचं मरण डब्याला वाचायला दिलं. मला नाही दिलं."

प्रमुख बाईंनी आमच्याबरोबर एक प्रश्न पाठवला होता, तो विचारायचा धीर ताईंना होईना. वहिनींनीच विचारलं, "अजून काही?"

"आवाज," ताई म्हणाल्या. "सभासदांपैकी काही जण बदला म्हणतात, पुष्कळ जण ठेवा म्हणतात. बाई म्हणाल्या, तुम्ही सांगाल तसं."

"ठेवा," वहिनी म्हणाल्या. "ज्यांना तो उपयोगी पडला त्यांच्याकडे राहू दे. पण आमच्या घरातला डबा तेवढा घेऊन जा. मी तो गुंडाळून कपाटात ठेवलाय. घरात आहे हे ठाऊक असलं की झोप लागत नाही."

परत येताना बसमध्ये ताईंनी तो डबा मांडीवर धरला होता, टॉवेलात गुंडाळलेला, दोन्ही हातांनी. त्यात शेवटचं काय वाचलं गेलं होतं, ते बहुतेक अजूनही असेल. परत आलेला डबा पुसून दुसऱ्या सभासदाला द्यायचा, असा आमचा नियम आहे. सोमवारी नेटवर्कवाल्यानं विचारलं, "पुसू का हा?" ताईंनी तो उचलून टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. त्यांनी तो उघडलेला नाही आणि पुसलेलाही नाही. मीही कधी विचारलं नाही.

याला आता दोन वर्षं होत आली. डब्यांत सरांचाच आवाज आहे. निरोपांचा फोन सकाळी दहाला मी ऐकते, आणि शब्दासमोर कोणी, कधी, ते लिहून ठेवते. ताईंनी मात्र स्वतःच्या डोक्यात जे जे होतं ते कागदावर उतरवलं. आठवड्यातून एक दिवस नेटवर्कवाल्याला शेजारी बसवून शिकवलं. तो कुरकुरतो, पण येतो. बांधण्या आता कुणाच्याही दारावर थाप मारत नाहीत. वडिलांच्या कानांची तपासणी त्यांनी इतकी वर्षं पुढे ढकलली होती, तीही केली. घरी आता यंत्र लावून म्हातारबुवा ऐकतात आणि दिवसभर तक्रार करतात की जग फार आवाज करतं.

ताई हसतात, पूर्वीपेक्षा जरा जास्तच. पण काही दिवस त्या भिंतीकडे पाठ करून बसतात. परवाच्या बुधवारचं सांगते. श्रवणखोलीत कुठलीशी कादंबरी चालू होती. ताईंच्या खोलीत आम्ही दोघीच, दोघींची कामं चाललेली. पलीकडून सरांचा आवाज आला, कादंबरीतल्या कुणीतरी कुणाला तरी म्हटलेलं वाक्य : "वेळ आहे का थोडा?"

ताई खुर्ची मागे सारून उठल्या होत्या. "आले, आले," त्या म्हणाल्या, आणि दारापर्यंत गेल्यासुद्धा.